बोर्डताई आणि मशीन रूमचा सायरन

११ मार्च २०१९ रोजी सकाळी कोल्ड स्टोरेजच्या मालकाने बोर्डताईच्या हातावर चार हजार सातशे पन्नास रुपये ठेवले आणि काम सांगितलं. मशीन रूममधला अमोनियाचा सायरन गेले तीन आठवडे फार वाजत होता. तो कमी वाजायला हवा होता.

"कमी म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे आता अमोनिया पंचवीसला गेला की वाजतो ना, तो साठला वाजू दे. वाजला की हमाल बाहेर. मग अर्धा तास गेटवर गप्पा, आणि माल दारात घाम गाळत उभा."

"पंचवीस हा आकडा मी माझ्या मनाने घातलेला नाही. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे भाग त्याच्यावर गेले की माणसाने आत थांबू नये असं पुस्तकात आहे."

"ताई, आकडा तुमचा, सायरन तुमचा, आणि आत उभा राहणारा माणूसही तुमचाच. त्यालाच विचारा की."

त्या माणसाला तिने आदल्या रात्रीच विचारलं होतं. तिचा नवरा त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरचा ऑपरेटर होता. बावीस वर्षं त्याच यंत्रांशी संसार केला होता त्याने. जेवता जेवता तो म्हणाला होता, "खोटा वाजतो गं तो. मला तर कसलाच वास येत नाही. माझ्यापेक्षा त्या डबीला जास्त कळतं का? मालक मला बोलतो, की तुझी बायको आणि तुझा सायरन, दोघंही विनाकारण ओरडतात."

"मी कधी ओरडले हो?"

"हे आत्ता," असं म्हणून त्याने ताट पुढे सरकवलं होतं.

बोर्डताई हे नाव तिला कारखान्यांच्या गल्लीने दिलेलं. शटर असलेल्या एका खोलीत ती यंत्रांचे बंद पडलेले कंट्रोल बोर्ड दुरुस्त करायची. हे काम ती मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकली. मामा कधी हात उगारत नसे, पण तिचं सोल्डरिंग भिंगाखाली धरून विचारायचा, "हे तू लावलंस की वरून कावळा गेला?" त्या टोमण्यांनी तिचा हात साफ झाला. लग्नानंतर टीव्ही गेले, धुलाई यंत्रं आली, मग कारखान्यांतले बोर्ड आले. चिपमध्ये प्रोग्राम कसा भरायचा हे ती चाळिशीनंतर स्वतःच शिकली. चुकत चुकत शिकली, पण चूक एकदा लक्षात आली की पुन्हा करायची नाही. एक चूक मात्र तिच्या लक्षात आली नव्हती, कारण ती गेली सहा वर्षं बिनतक्रार चालत होती.

कोल्ड स्टोरेजचा सायरन तिनेच बसवला होता. मालकाला बाजारातला महाग वाटला, म्हणून तिने शिकणाऱ्यांसाठी मिळतो तसला, दोन बोटं रुंदीचा एक डेव्हलपमेंट बोर्ड घेतला, त्याला वास ओळखणारे दोन सेन्सर जोडले, एक सायरन आणि एक बॅटरी जोडली आणि सगळं प्लास्टिकच्या डब्यात घालून मशीन रूमच्या भिंतीवर ठोकलं. "तात्पुरतं आहे हं," असं तिने मालकाला बजावलं होतं. "चालतंय ना? मग चालू दे," तो म्हणाला होता. असं ते तात्पुरतं सहा वर्षं टिकलं.

दुपारी ती लॅपटॉप आणि डीबगर घेऊन गेली. डीबगर म्हणजे काडेपेटीएवढी एक वस्तू. तिची एक बाजू लॅपटॉपला आणि दुसरी बोर्डाच्या ठरावीक पिनांना जोडली की चिपच्या आत शिरता येतं, जुना प्रोग्राम काढता येतो, नवा भरता येतो. डबा दुकानात न्यायची तिची इच्छा होती, पण मालकाने नाही म्हटलं. डबा भिंतीवर दिसला पाहिजे, कोण कधी तपासायला येईल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

मशीन रूममध्ये दोन कॉम्प्रेसर धडधडत होते. पाइपांवर पांढरं बर्फ साचलं होतं, पण खोली मात्र उबदार होती. म्हणूनच थंड खोल्यांमध्ये क्रेट वाहून गारठलेले हमाल जेवणानंतर इथे येऊन भिंतीला पाठी लावून बसायचे. आजही सहा जण बसले होते. एक घोरत होता. त्यांच्या मुकादमाने तिला पाहून पाय आखडले.

"या वहिनी. आमच्या भवानीचा गळा दाबायला आलात?"

"गळा नाही, आवाज कमी करायला."

"तेच ते. ऑपरेटरदादांचाही केला असेल असाच."

नवरा टाकीजवळच्या मोठ्या व्हॉल्व्हपाशी उभा राहून काट्यांवरचे आकडे वहीत लिहीत होता. वर न बघता तो म्हणाला, "माझा लग्नातच केला."

तिने डबा उघडला आणि तिला स्वतःची जुनी चूक दिसली. बोर्डाच्या टोकाला डीबगरसाठीच्या चार पिना असतात. त्या चारांवर वीज, अर्थिंग आणि सिग्नल सगळं एकाच जागी मिळतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या सेन्सरचा प्लग तिथेच खोचून दिला होता आणि त्या पिना साध्या पिनांसारख्या वापराव्यात असं प्रोग्रामात लिहिलं होतं. म्हणजे बोर्ड सुरू झाल्याबरोबर आत शिरायचं दार तिने स्वतःच विटांनी बंद करून ठेवलं होतं.

सेन्सरचा प्लग काढून तिने डीबगर लावला. लॅपटॉपवर उत्तर आलं, जोडणी होत नाही. केबल बदलली. वेग कमी केला. बोर्ड ताकास तूर लागू देईना. मग तिने बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबून धरलं. बटण दाबलेलं असेपर्यंत चिपमधला प्रोग्राम सुरू होत नाही, म्हणजे दार अजून बंद झालेलं नसतं. डीबगर हाक मारेल त्याच क्षणी बोट उचलायचं. क्षणभर आधी उचललं तरी फुकट, नंतर उचललं तरी फुकट. तिचं बोट पांढरं पडलं. जमलं नाही.

"वहिनी, नाडी लागते का?" मुकादमाने विचारलं.

"लागेल," ती म्हणाली.

शेवटचा उपाय उरला होता. बोर्डावर जंपर नावाची एक छोटी टोपी असते. ती एका जागेवरून काढून शेजारच्या जागी बसवली की चिप सुरू होताना भरलेला प्रोग्राम बघतच नाही, गप्प बसून राहते. तिने टोपी हलवली, बोर्ड बंद करून चालू केला आणि डीबगर एका झटक्यात जोडला गेला. सहा वर्षं बंद असलेलं दार सताड उघडलं. तिने जुना प्रोग्राम पुसून टाकला.

आता भिंतीवरचा डबा नुसता डबा होता. सायरनला हुकूम देणारं आत कुणीच नव्हतं.

नवा प्रोग्राम लॅपटॉपवर तयार होता. पण त्यात दुसऱ्या सेन्सरची पिन बदलायची होती, आणि त्यासाठी तिला चष्मा हवा होता. तो राहिला होता बाहेर, स्कूटरच्या डिकीत. ती अंगणात गेली, दोन मिनिटं मोकळ्या हवेत उभी राहिली, चष्मा पुसला आणि परत आली.

दारातच तिच्या नाकात कुणीतरी सुई खुपसल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. तास दीड तास बोर्ड बंद-चालू होत असल्याने सायरनही गप्प होता आणि आत बसून नाकाला सवय झाली होती, म्हणून इतका वेळ तिला काहीच कळलं नव्हतं. ताजं नाक घेऊन आल्यावर कळलं.

"अहो," ती म्हणाली, "वास येतोय."

"कसला?"

"अमोनियाचा. कसला म्हणजे काय?"

नवऱ्याने मान वर करून हवा हुंगली. अगदी मन लावून हुंगली. "काही नाही गं."

तो त्या व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याचे डोळे लाल होते. तिला वाटलं होतं जागरणाने असतील. त्या क्षणी तिला सगळं एकदम समजलं. तीन आठवडे सायरन खरं बोलत होता. खोटं सांगत होतं ते नाक. बावीस वर्षांत ते हळूहळू मेलं होतं आणि त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

"उठा सगळे," ती हमालांना म्हणाली. "बाहेर चला."

कुणी हललं नाही. एक जण खोकला आणि कूस बदलून पडला.

"सायरन कुठे वाजलाय?" मुकादम म्हणाला. तोही डोळे चोळत होता. "आत्ताच टेकलोय वहिनी. भवानी वाजली की बघू."

"ती वाजणार नाही. मी तिला पुसलंय."

"मग बरंच झालं की," कुणीतरी म्हणालं आणि दोघे हसले.

तिला त्यांचा राग आला नाही. सायरन म्हणजे धोका आणि शांतता म्हणजे आराम, एवढंच ते सहा वर्षांत शिकले होते, आणि तेही तिच्याच यंत्राकडून. समजूत घालायला वेळ नव्हता. तिने डब्यातून सायरनच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या, दातांनी टोकं सोलली आणि थेट बॅटरीच्या टोकांना टेकवली.

सायरन किंचाळला. घोरणारासुद्धा उठला. शिव्या देत, चपला शोधत, रोजच्या सवयीने सगळे दाराकडे निघाले. तिने वायरी सोडल्या नाहीत. शेवटचा हमाल बाहेर पडेपर्यंत त्या धरून ठेवल्या. वळून पाहिलं तर नवरा लाल बटण दाबून कॉम्प्रेसर बंद करत होता. ते झाल्यावर तो पुन्हा व्हॉल्व्हकडे वळला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवू लागला.

"सोडा ते. चला."

"दोन फेरे राहिलेत."

"चला म्हणते ना."

"बंद करून येतो. तू हो पुढे."

तिने वायरी टाकल्या, त्याच्या सदऱ्याची कॉलर मागून धरली आणि दुकानातली जड यंत्रं ओढते तसं त्याला ओढत बाहेर आणलं. ते अंगणाच्या मध्यापर्यंत पोचले असतील नसतील, तोच आत काहीतरी फसफसलं आणि वरच्या झरोक्यातून पांढरा ढग बाहेर पडू लागला. गेटपाशी हमाल उभे होते. मुकादमाने टोपी काढून तोंडावर धरली होती.

त्या संध्याकाळी घरी तिने बोर्ड पुसायच्या स्पिरिटची बाटली उघडली आणि नवऱ्याला डोळे मिटायला सांगितलं.

"आता हे काय?"

"मिटा हो."

तिने बाटली त्याच्या नाकाखाली धरली. त्याने खोल श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. मग म्हणाला, "रिकामी आहे."

तिने बूच लावलं. तो डोळे उघडून बाटलीकडे बघत राहिला. बाटली काठोकाठ भरलेली होती.

"दुसरीकडे काम बघा," ती म्हणाली.

"या वयात? आणि मला दुसरं येतंय काय?"

"मग एवढं तरी करा. वाजला की बाहेर. बटण नाही, चाक नाही. बाहेर."

त्याने मान हलवली. ही मान ती ओळखून होती. भाजी आणायची आठवण केली की तो अशीच हलवायचा.

दुसऱ्या दिवशी फिटरने व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचं, गळती अडवणारं पॅकिंग बदललं. जुनं पॅकिंग हातात घेताच त्याचा भुगा झाला. "हे एक झालं," तो मालकाला म्हणाला, "पण बाकीचे सातही याच वयाचे आहेत."

"ते गळतायत का?"

"अजून नाही."

"मग बघू."

बोर्डताईने नवा प्रोग्राम भरला. दुसरा सेन्सर दुसऱ्या पिनेवर नेला आणि डीबगरच्या पिना मोकळ्या ठेवल्या. मालकाने विचारलं, "साठ केलंत ना?"

"नाही. पंचवीसच आहे."

"मग मी पैसे कशाचे दिले?"

"बोर्ड जिवंत करण्याचे. तो जिवंत आहे."

मालकाने डब्याकडे पाहिलं. सायरनच्या वायरींची वाट डोळ्यांनी शोधावी तसं पाहिलं. ते तिला आवडलं नाही. तिने डब्याला चार स्क्रू होते तिथे आठ मारले. पण स्क्रू काढायला पेचकसच लागतो, आणि तो त्या आवारात कुणाकडेही होता.

नवरा सकाळी नेहमीच्या वेळेला कामावर गेला. त्यानंतर रोज जात राहिला. ती दुकानात बसून काम करायची, आणि वाऱ्याची दिशा तिकडून असली की हातातलं सोल्डरिंग थांबवून कान द्यायची. सायरन वाजला की ती उठून शटरपाशी यायची. बरेच दिवस वाजला नाही, तर जाऊन डब्याचे आठही स्क्रू मोजून यायची.

फिटरने बसवलेलं ते नवं पॅकिंग मालक खरं तर महिनाअखेरीला आणणार होता. थांबायला नको म्हणून ते तिने स्वतःच्या खिशातून आणलं. त्याचे तीनशे चाळीस रुपये मालकाकडून अजून यायचे आहेत.