बाबांचं फिरणारं बोट

बाबा काल गेले.

खरं तर ते पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच जायचे होते. पण माझा बाप कुणाचं ऐकायचा नाही, यमाचंही नाही.

आमचं घर अंजूरला आणि भिवंडीत छोटी पॉवरलूमची शेड. लूम चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात.
पंजा वर केला, म्हणजे लूम बंद कर.
बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे चालू कर.

त्या दुपारी बाबांनी शेडच्या दुसऱ्या टोकावरून डावा हात हलवला.
आमचे सगळ्यात जुने कारागीर रफीकचाचा. त्यांना वाटलं, शेठला चहा हवाय. त्यांनी पाठवून दिला.

पाच मिनिटांत लोडशेडिंगची लाईट गेली. तेव्हा भिवंडीत त्यावर घड्याळ लावायचो आम्ही.
लूम थांबले, शेड शांत झाली आणि तेव्हा कुठे कळलं की बाबांना बोलताच येत नाहीये. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, चहा सगळा शर्टावर.

"उनका हमेशा दाहिना हाथ बोलता था, बेटी," चाचा नंतर रडत मला म्हणाले. "उस दिन बायाँ बोला, और मैंने चाय भेज दी!"

पण त्याच चाचांनी बाबांना उचलून गाडीत घातलं. मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, त्रास नेमका कधी सुरू झाला? चाचांनी लाईट जायची वेळ सांगितली. "उससे पाँच मिनिट पहले, साब."
"मग वेळ आहे अजून," डॉक्टर म्हणाले.

मला हायसं वाटलं. ते स्कॅन येईपर्यंतच टिकलं.

डॉक्टरांनी बाबांच्या कॉटपाशीच आम्हाला समजावलं. मेंदूच्या नसेत गुठळी अडकलीय. मांडीतून बारीक वायर नेऊन ती ओढून काढता येते. पण त्याच वाटेवर नसेला एक फुगा आलाय, पातळ भिंतीचा. वायर लागून तो फुटला, तर टेबलवरच जीव जाऊ शकतो.
"आणि नाही काढली तर?"
"वाचले तरी बोलणं आणि उजवी बाजू बहुतेक परत येणार नाही."
मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "असा फुगा असलेल्या पेशंटवर मी हे पहिल्यांदाच करणार आहे."

आईने संमतीचा फॉर्म सही न करताच परत केला.
"नको. मना ते मुके चालतील. बसून ऱ्हातील, पन ऱ्हातील तरी."

मला आईचं पटलं होतं. आज सांगते, मीही नाहीच म्हणणार होते.

तेवढ्यात चाचांनी माझा खांदा हलवला. "बेटी, सेठ को देख."

बाबा आईकडे बघत होते. डावा हात चादरीच्या वर, आणि एक बोट हवेत गोल फिरत होतं.

डॉक्टरांना वाटलं, झटका येतोय.
"झटका नाही," मी म्हणाले. "ते म्हणताहेत, चालू करा."

आईने विचारलं, "नक्की ना वो?"
बोट पुन्हा फिरलं. या वेळी जरा चिडून!
आईने सही केली.

वायर फुग्याच्या शेजारून गेली आणि गुठळी घेऊन परत आली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामाने भिजले होते आणि हसत होते. काही महिन्यांनी त्या फुग्याचाही बंदोबस्त केला.

तिसऱ्या दिवशी बाबा पहिलं वाक्य बोलले. अडखळत, रफीकचाचांना.
"चाय... थंडी थी."
चाचा हसता हसता रडायला लागले.

त्यानंतर बाबा एवढी वर्षं जगले. माझ्या लग्नात नाचले, नातीला लूमच्या खुणा शिकवल्या, आईशी रोज भांडले. मुके चालतील म्हणणारी आई म्हणायची, "जरा गप ऱ्हावा की!"
काल दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आज सकाळी मी शेडवर गेले. सगळे लूम बंद, कारागीर हात बांधून उभे.
"कितने दिन बंद रखें, बेटी?" चाचांनी विचारलं.

मी हात वर केला आणि बोट गोल फिरवलं.

बाबा, तुम्हाला शेवटचा नमस्कार.
सावकाश जा. लूम चालू आहेत.