सव्वा महिन्याच्या आत

माझ्या धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. आम्ही ओटी भरायला चांगला दिवस बघत होतो, आणि बाळ येऊनही बसलं. बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत त्याला पाहिलं तेव्हा मला हात लावायचीही भीती वाटली. नाकाला ऑक्सिजनची नळी, चिमटीत मावेल एवढा पाय. मधेच रक्तात जंतू झाले आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पोरगं चिवट निघालं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बहिणीला आणि तिच्या सासूला समोर बसवलं. मीही तिथंच होते. "वेळेच्या आधी जन्मलेलं, वजन कमी, ऑक्सिजन बरेच दिवस लागला, त्यात इन्फेक्शन. अशा बाळाच्या डोळ्याचा आतला पडदा बिघडू शकतो. बाहेरून काहीच कळत नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचंच." सासूनं मान हलवली. मला बरं वाटलं.

प्रवास नको म्हणून बहीण माहेरी आलीच नाही, तेलगावजवळ सासरीच राहिली. आठवड्यानं मी गेवराईहून भेटायला गेले तर दोघं मायलेकरं अंधाऱ्या खोलीत. दाराला जाड चादर, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. डोळ्यांचं विचारलं तर सासू म्हणाली, "सव्वा महिना होऊ द्या की. कच्चं लेकरू हाय, वाऱ्यावर कुठं काढता?"

"आत्याबाई, सव्वा महिना तर आता होतच आलाय."

"दवाखान्यातले दिवस कुठं धरत्यात? घरात पाऊल ठिवलं तिथनं मोजायचं."

झालं! आता या हिशेबापुढं कोण काय बोलणार? तरी मी बोलले. आवाज चढवूनच बोलले. तिनं बाळाच्या पापणीवरून हलकंच बोट फिरवलं. "बगा तरी, कसे काळेभोर हायत. चिपडं न्हाईत, लाली न्हाई. लई घाई तुमाला. डोळे काय पळून चाललेत?"

दाजी जीप चालवतात. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी न्या. त्यांनी आईकडं बघितलं आणि जीपची किल्ली खिशात टाकली. बहीण माझ्याकडं बघत होती, पण सासरच्या घरात तिच्या बहिणीचं चालतं कितीसं? चहा पिऊन मी एसटीला उभी राहिले.

आणि सासूला वाईट तरी कसं म्हणू? त्या पोराला जगवलं तिनंच. कापसात गुंडाळून दिवसदिवस छातीशी धरलं, बहिणीचं दूध चमच्यानं थेंब थेंब पाजलं, स्वतः पाठ टेकली नाही. तिच्या लेखी खोलीबाहेरचा वारा हेच मरण होतं. एक लेकरू तिनं असंच गमावलेलं, हे मला फार नंतर कळलं.

तिच्या मोजणीनं सव्वा महिना झाला. बाळंतिणीला न्हाऊ घातलं, मारुतीला नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी सासूच म्हणाली, चला आता डोळ्यांकडं. शब्दाला पक्की बाई. दाजींच्या जीपमधून आम्ही संभाजीनगरला गेलो.

तिथले डॉक्टर बराच वेळ बाळाच्या डोळ्यांत बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. दोन्ही पडदे सुटले होते. "महिन्याचं असताना आणलं असतं, तर लेझरनं बहुतेक थांबवता आलं असतं. आता ऑपरेशन करूनही दिसेल असं मी सांगू शकत नाही." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बहीण रडली नाही. तिनं बाळाचं टोपडं नीट केलं, परत सोडलं, परत बांधलं. सासूला काय काय ऐकवायचं ते मी परतीला जीपमध्ये बसल्यापासून मनात जुळवत होते, आणि गेवराई यायच्या आत ऐकवणार होते.

पण बाळ सासूच्या मांडीवर होतं. शहागडला गोदावरीच्या पुलावर तिनं त्याला उचलून खिडकीशी धरलं. "ही बग राजा, गंगा आली. पाणी कमी हाय औंदा. पल्याड म्हशी बसल्यात." पूल संपला तशी म्हणाली, "आता ऊस लागला. लई हिरवा हाय."

"आत्या, राहू द्या," बहीण म्हणाली. "त्याला दिसत न्हाई."

"मला ठावं हाय," सासू म्हणाली. "म्हणून तर सांगायलीय."