जावयाचं नको म्हणून देगलूरचं

गुरुबसप्पांना जावई आवडत नव्हता. आवडत नव्हता म्हणजे डोळ्यांसमोरही नको होता. पण पडला लेकीचा नवरा, त्याला तोंडावर "राजशेखरराव" म्हणावं लागे, आणि तेवढं म्हणतानाही भाकरीत खडा लागल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

उदगीरच्या मोंढ्यात आप्पांची हरभरा-तुरीची दलाली. खेडोपाडी हिंडून माल बघायचा, सौदे जमवायचे, ते सगळं एका जुनाट मोटारसायकलवर. ती गाडी कंपनीनं काढायची केव्हाच बंद केली होती. दर सोमवारी मागं मल्लम्मा बसायच्या आणि नवरा-बायको गावाबाहेरच्या महादेवाला जाऊन यायचे. अलीकडं पुढचा ब्रेक दाबला की गाडी आधी किंचाळायची आणि मग सवडीनं थांबायची. शेवटी मल्लम्मांनी सांगून टाकलं, "ब्रेक नवे घातल्याबिगर मी मागं बसत न्हाई. सुकन्याला फोन करा. जावयाकडं जुन्या गाड्यांचा समदा माल हाय."

"मेलो तरी न्हाई," आप्पा म्हणाले.

राजशेखरचं लातूरला गाड्यांच्या पार्टचं मोठं दुकान. कंपनीच्या मालाशिवाय कशाला आपण हात लावत नाही, अशी त्याची शेखी. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये ही रीत आप्पा पाळायचेच, तिथं जेवले तर नातवाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. पण खरी मेख वेगळीच. हा गडी द्यायचा आणि दिलेलं गावभर वाजवायचा. एकदा सासूला मिक्सर दिला, तर पुढच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत चारचौघांत विचारायचा, "मामी, मिक्सर चालतोय ना आपला?" आप्पांनी तो मिक्सर माळ्यावर टाकला आणि चटणी पाट्यावर वाटायला लावली. भोगलं कुणी, तर मल्लम्मांनी.

आता ब्रेक घ्यायला जावं, तर जावई पैसे घेणार नाही आणि न घेतल्याचा डांगोरा पिटणार. त्याचं मिंधं व्हायचं नाही, हे आप्पांचं पक्कं होतं. उदगीरातले दुकानदार त्याच्याच ओळखीचे, संध्याकाळच्या आत लातूरला बातमी पोचवणारे. म्हणून आप्पांनी डोकं चालवलं. तिथवर जावयाचे हात पोचत नसतील असं धरून सौद्याच्या निमित्तानं थेट देगलूर गाठलं आणि किशनराव नावाच्या दुकानदारापुढं जाऊन उभे राहिले.

किशनरावनं दोन डबे काढले. एक साधा आणि महाग. दुसरा चकचकीत, वर परदेशी अक्षरं, आणि निम्म्यात. "बाहेरदेशचा हाय, आप्पा. आजकाल समदे ह्योच नेऊन राहिलेत."

मूठभर हरभरा तळहातावर घोळवून, एखादा दाताखाली फोडून भाव सांगणारा हा माणूस. लोखंडाला दात कसा लावणार? आप्पांनी स्वस्तातला ब्रेकशू तळहातावर तोलला, नखानं खरवडला, नाकाला लावला. हाताला जड लागला तसे खूश झाले. "दाणा भरलेला हाय," असं चक्क बोलूनही गेले, आणि तोच घेतला. म्हणजे ब्रेकसुद्धा हरभऱ्यासारखे वजनावर घेतले, आता बोला.

मोंढ्याजवळच्या सत्यम मिस्त्रीनं ते बसवून दिले. ब्रेक असा झकास लागला की आप्पा फुगून हिंडायला लागले. "जावयाबिगर बी जग चालतंय," असं मल्लम्मांना येता-जाता ऐकवू लागले.

मग एका सोमवारी महादेवाहून परतताना उतारावर शेळ्या आडव्या आल्या. आप्पांनी ब्रेक दाबला. चाकात काहीतरी खडखडलं आणि ब्रेक पोकळ लागला. गाडी बांधावर चढून कलंडली. मल्लम्मा उजव्या हातावर आपटल्या आणि मनगट मोडलं. आप्पांना साधं खरचटलंही नाही, आणि त्याचीच त्यांना फार लाज वाटली.

सत्यमनं चाक खोललं, तर ब्रेकशूवरचा घासायचा थर पापुद्र्यासारखा सुटून तुकडे झालेला. आप्पांनी तुकडे रुमालात बांधले, बसनं देगलूर गाठलं आणि भर रस्त्यात किशनरावच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"माझ्यावर कशाला गरम होऊन राहिलात?" किशनराव म्हणाला. "मी का परदेशातून आणतो? माल लातूरहून येतो. राजशेखर शेठ मागवतो आणि गावोगाव वाटतो. तुमचाच जावई न्हवं का तो?"

आप्पांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. दुसऱ्या दिवशी ते लातूरच्या दुकानात हजर. हाताला प्लास्टर घातलेल्या मल्लम्मा मागोमाग, "साकु, बस करा आता," असं कानडी-मराठीत म्हणत. दुकानात असलेल्या सुकन्यानं आईला बाकावर बसवलं. आप्पांनी गल्ल्यावर रुमाल सोडला. राजशेखरचं तोंड उतरलं.

"मामा, हे तुम्ही कशाला घेतलं? मला सांगायचं की. हा माल आपल्या घरच्यांसाठी न्हाई."

"मग कुणाच्या घरच्यांसाठी हाय?"

"गिऱ्हाईक स्वस्त मागतंय. मी न्हाई दिलं तर दुसरा देतो."

"हरभऱ्यात माती घालणारा बी हेच सांगतोय," आप्पा म्हणाले, आणि मग सुटलेच. इतक्या वर्षांचं "राजशेखरराव" त्यांनी अरे-तुरेत वसूल केलं. आपल्या गरीब गाईसारख्या पोरीला कुठल्या घरात दिलं, असंही म्हणाले. बोलताना त्यांना अगदी मोकळं वाटत होतं.

तेवढ्यात एक माणूस आत आला. बाहेर त्याच्या जुन्या गाडीवर बायको, तिच्या कडेवर लेकरू. "पुढचे ब्रेकशू द्या," तो म्हणाला. राजशेखर सासऱ्यापुढं खाली मान घालून उभा, जागचा हलला नाही. आईजवळ बसलेली सुकन्या उठली.

"भारीतलं का स्वस्तातलं, दादा?"

"स्वस्तातलं."

न बघता तिचा हात फळीवर गेला. चकचकीत डबा काढून तिनं फडक्यानं पुसला, पिशवीत घातला. "चांगला चालतोय," असं म्हणाली. आवाज जराही अडखळला नाही.

माणूस पायरी उतरला, तशा मल्लम्मा उठल्या. कुणाला काही न विचारता बाहेर गेल्या आणि प्लास्टरचा हात गाडीवरच्या बाईपुढं धरला. "बाई, ते परत द्या. ह्याच ब्रेकनं मी पडले."

"आप्पा," सुकन्या दबक्या आवाजात म्हणाली, "आईला आत बोलवा. गिऱ्हाईक तुटतंय."

आप्पांनी लेकीकडं बघितलं. तोंडात शिव्या अजून पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या जावयासाठी जमवलेल्या. तिला घालायला एकही सापडेना. ते पायरी उतरले आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले.