हिरवी टिक

मे महिन्यात अमरावतीत स्वेटर घालून हिंडणारा एकच माणूस मी पाहिला. रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, लोक डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून चाललेले, आणि राजकमल चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर गावंडे चॉकलेटी रंगाचा, बिनबाह्यांचा स्वेटर घालून उकळता चहा पीत उभे. नवख्या माणसाला वाटे, बिचारा तापाने फणफणला आहे. मग कोणीतरी सांगे, "ते संस्थेचे सर्व्हरवाले. त्यांच्या खोलीत एसी असतो." खोली थंडगार होती हे खरं, पण चहाला बाहेर येताना स्वेटर काढून ठेवायला असा कितीसा वेळ लागतो? मी एकदा विचारलंच. म्हणाले, "काढला तं लोकाइले कसं समजन, आतमंदी कोन बसते?" गावंडे नम्र होते अशी कोणाची समजूत व्हायला नको, म्हणून हे आधीच सांगितलं.

आमची शिक्षणसंस्था मोठी. अकोट, पातूर, चांदूर रेल्वे, सगळीकडे तिची कॉलेजं आणि मुख्य कार्यालय अमरावतीत. मी तिथे प्रवेशाचे आणि परीक्षेचे प्रोग्रॅम लिहायचे. ते ज्या सर्व्हरवर चालत, तो गावंडेंच्या ताब्यात. ते राहायचे अकोल्याला. रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून ऑटोने यायचे. मी कायम होते, ते कंत्राटी. दर उन्हाळ्यात प्रवेश सुरू व्हायच्या तोंडावर त्यांना सांगितलं जाई, "एवढा सीझन निभवा गावंडे, तुमचं यंदा नक्की." सीझन निभे. गावंडे तिथेच राहत. त्यांच्या केसांत पांढरं आलं तरी ते "यंदा" काही उजाडलं नव्हतं.

वेबसाइट बंद पडली, प्रवेशाचं पान उघडेना, निकाल दिसेना, काहीही झालं तरी त्यांना फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न एकच यायचा: "कोनं हात लावला?" समोरचा म्हणे, "कोणीच नाही, आपोआप बंद पडली." की गावंडे उसळत. "आपल्या मनानं काईच बिघडत नाई, बाप्पा! काल चालू होतं, आज बंद हाय, मंग मंदात कोनंतरी हात लावला. खोटं बोलून माहा टाइम खराब करू नोको." कोणी घाईघाईत मशीन बंद करून पुन्हा चालू करायला निघालं तर हात धरायचे. "थे झाकन ठेवनं झालं. आतमंदी नासलं थे नासलंच रायते. आधी लॉग वाच, मंग देवाले नारळ फोड." लॉग म्हणजे सर्व्हर दिवसभर आपण काय केलं ते एकेका ओळीत लिहून ठेवतो ते. गावंडे ते वर्तमानपत्रासारखं वाचत, मांडीवर मांडी टाकून, मधेच "अस्सं!" म्हणत.

एकदा ऐन प्रवेशाच्या दिवसांत साइट रांगायला लागली. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाने नवा सर्व्हर घ्या म्हणून सांगितलं. गावंडेंनी लॉग वाचला आणि थेट प्रसिद्धी विभागात जाऊन उभे राहिले. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची भलीमोठी चित्रफीत तिथल्या माणसांनी सर्व्हरवर चढवली होती, एकदा नव्हे, वारंवार, कारण चढली की नाही ते त्यांना कळत नव्हतं. जागाच उरली नव्हती. गावंडेंनी ती सगळी उडवली, साइट धावायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला: अध्यक्षांचा अवमान. मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "देऊ द्या. साइट कोनं चालू केली थे त्याइले माहीत हाय."

हेच त्यांचं चुकत होतं. संस्थेला सगळं माहीत असतं, पण माहीत असण्याचा संस्थेवर काहीही परिणाम होत नसतो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे पासवर्ड. सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता आणि तिथून तो बाहेर येत नसे. मलाही कधी दिला नाही. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" "फोन करजा." "आणि फोन नाही लागला तर?" तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमी कायम हा. तुमच्यापाशी ऑर्डर हाय. माह्यापाशी एवढंच हाय. चाबी देल्ली का माही गरज सरली." एखाद्याला इतकी वर्षं टांगून ठेवलं की तो ज्या खुंटीला टांगलाय तीच घट्ट धरून बसतो.

मग नवं पोर्टल आलं. अध्यक्षांच्या ओळखीच्या एका कंपनीने ते बनवलं होतं आणि उद्घाटनाला गुरुजींकडून मुहूर्त काढला होता. त्या दिवसापासून प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाला ऑनलाइन अर्ज घ्यायचे होते. जो आधी अर्ज भरेल त्याला आधी जागा, अशी जाहिरात गावोगाव लागली होती. जुनी साइट मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळीच बंद करायला लावली. गावंडे म्हणत होते, "आठ दिवस दोनी चालू ठेवा. नवा बैल गाडीले लागेपर्यंत जुन्याले विकत नसते." कोणी ऐकलं नाही. म्हणे जुनं चालू ठेवून नव्याचं उद्घाटन करणं अशुभ.

उद्घाटनाच्या सकाळी कळलं, पोर्टल अर्ज साठवतच नाही. पानं सुरेख उघडत, माहिती भरता येई, आणि शेवटचं बटण दाबलं की चूक दाखवून थांबे. कंपनीच्या यंत्रावर सगळं ठीक चाललं होतं, पण आमच्या सर्व्हरवर वाचायचं दार उघडं होतं आणि लिहायचं कुठेतरी अडत होतं. गावंडे संस्थेच्या सचिवांना म्हणाले, "मले लॉग वाचू द्या. सांजच्याले चालू करून देतो." सचिव म्हणाले, "मुहूर्त संध्याकाळचा नाही गावंडे. अध्यक्षसाहेब बटण दाबतील तेव्हा पडद्यावर काहीतरी हिरवं दिसलं पाहिजे. एवढं करा. तुमची कायमची फाईल मी आज स्वतः सहीला ठेवतो."

गावंडेंनी ते केलं. काही चुकलं की लोकांना कोणतं पान दाखवायचं, हे सर्व्हरला सांगून ठेवता येतं. त्या चुकीच्या पानाच्या जागी त्यांनी एक नवं पान ठेवलं: मोठी हिरवी टिक आणि खाली 'आपला अर्ज यशस्वीरीत्या प्राप्त झाला आहे.' आता काहीही बिघडलं तरी हिरवंच दिसणार होतं. त्यांचा बेत असा, की साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, की लगेच खोलीत जायचं, ते पान काढायचं आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची.

टाळ्या झाल्या. आणि माइकवरून गावंडेंचं नाव पुकारलं. शाल-श्रीफळ! मुहूर्त साधणाऱ्या माणसाचा सत्कार व्हायलाच हवा, असं अध्यक्षांना आयत्या वेळी वाटलं. स्वेटरवरून शाल पांघरली गेली, हातात नारळ आला आणि त्यांना मंचावर बसवलं. मग अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. आमच्याकडे अध्यक्ष बोलत असताना मंचावरून उठणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. गावंडे अर्धवट उठले, सचिवांनी डोळ्यांनीच बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. मी समोर होते. त्यांनी मला खुणेने बोलावलं, वाकून सगळं कानात सांगितलं. गावोगावची पोरं त्या क्षणी अर्ज भरत असणार. मी म्हटलं, "पासवर्ड सांगा, मी धावत जाते."

गावंडेंनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. "आता संपतेच भाषन," ते म्हणाले. "मीच जातो."

भाषण संपता संपेना. त्यानंतर आभार, मग राष्ट्रगीत, मग साहेबांसोबत जेवण. गावंडे खोलीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. लॉग वाचायला घेतल्यावर बिघाड त्यांना चहा गार व्हायच्या आत सापडला. नव्या पोर्टलला अर्ज जिथे साठतात त्या डेटाबेसमध्ये लिहायची परवानगीच कोणी दिली नव्हती, सेटिंगमधली एक ओळ चुकली होती. ती दुरुस्त केली, हिरवं पान काढलं, खरं सुरू केलं. पण सकाळपासून ज्यांनी अर्ज भरले त्यांचं काहीच साठलं नव्हतं. लॉगमध्ये फक्त एवढं दिसत होतं, की कोणीतरी आलं होतं, बटण दाबलं होतं आणि हिरवी टिक पाहून गेलं होतं. कोण, ते नाही.

गावंडे सचिवांकडे गेले. सकाळी भरलेले अर्ज पुन्हा भरा, अशी सूचना साइटवर टाकू द्या म्हणाले. सचिव म्हणाले, "उद्घाटनाच्याच दिवशी शोभा करायची का संस्थेची?" मी जाऊन भांडले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि "बघू" म्हटलं.

खरं तर सूचना टाकायला गावंडेंना कोणाची परवानगी लागत नव्हती. पासवर्ड त्यांच्याच डोक्यात होता. मी तसं तोंडावर म्हटलं. ते कीबोर्डकडे बघत म्हणाले, "टाकतो वो. फाईल सहीले गेली हाय. सही झाली का त्याच मिनिटाले टाकतो." मी रोज विचारायचे आणि रोज हेच उत्तर. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभही धजत नव्हती, कारण माझी ऑर्डर माझ्या कपाटात सुखरूप होती. सही होईना आणि सूचना लागेना. अशात जागा भरल्या, यादी लागली.

यादी लागल्यावर पातूरहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिने पहिल्याच सकाळी, साइट सुरू झाल्या झाल्या अर्ज भरला होता. हिरव्या टिकचं पान छापून तिने त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं. वडिलांनी ते सचिवांच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवलं. "साहेब, पोरीचं नाव काहून नाई यादीत? हे पाहा ना, मिळाला म्हनते तुमचाच कागद." सचिवांनी मला आणि गावंडेंना आत बोलावून घेतलं होतं. मुलीकडे न बघताच ते म्हणाले, "भरताना चूक केली असेल हिने. मुलं नीट वाचत नाहीत."

मुलगी म्हणाली, "नाई सर. म्या सगळं दोनदा वाचलं." आणि रडायला लागली.

गावंडे पुढे झाले. "पोरगी बरोबर हाय," म्हणाले. "तिनं बरोबरच भरलं. हे पान खोटं हाय. हात म्या लावला."

मग ते सचिवांकडे वळले. "तुमीच म्हनले होते ना, हिरवं दिसलं पाह्यजे?"

सचिव जराही बिचकले नाहीत. "मी हिरवं म्हटलं होतं गावंडे. खोटं म्हटलं नव्हतं."

मुलीला जागा मिळाली नाही. जागा भरल्या होत्या, आणि आधी प्रवेश मिळालेल्यांना काढता येत नाही असा नियम निघाला. आमच्याकडे नियम नेहमी वेळेवर निघतो. गावंडेंची फाईल सहीविना परत आली आणि करार तिथेच संपला. जायच्या दिवशी त्यांनी पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या. भाषन चालू होतं तवाच द्याले पाह्यजे होता." एवढंच बोलले.

संस्थेला पुढे डिजिटल कामाबद्दल शाबासकी मिळाली. मुख्य कार्यालयात शिरल्या शिरल्या उद्घाटनाचा फोटो दिसतो: अध्यक्षांचं बोट माऊसवर आणि मागच्या पडद्यावर ती भलीमोठी हिरवी टिक. मी निवृत्त होईपर्यंत रोज तिच्याखालून ये-जा केली. ती खोटी आहे हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दर दिवाळीला तिची काच पुसली जात होती.

मध्यंतरी भाचीच्या मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा होता. मला तो घरीही भरता आला असता, पण तिला घेऊन मी अकोल्याला गेले. टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत गावंडेंचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. वर पत्रा, पंखा गरम वारा फेकणारा. अंगात बनियनवर पातळ सदरा. स्वेटर घालायचं कारणच उरलेलं नव्हतं. गावंडे वाळले होते फार. मला पाहून उठले, खुर्ची पुसून दिली, संस्थेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मुलीचा अर्ज त्यांनी सावकाश भरला, प्रत्येक रकाना तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी टिक आली.

"झालं!" म्हणून मुलीने दप्तर उचललं. मीही उठले.

"बसा मॅडम," गावंडे म्हणाले. "हिरवी टिक कोनालेबी काढता येते. म्याबी काढली होती."

त्यांनी साइटमधून बाहेर पडून नव्याने आत शिरून अर्ज पुन्हा उघडला. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गुण, सगळं साठलेलं दिसेपर्यंत त्यांनी आम्हाला जागचं हलू दिलं नाही.