धुऊन दिलेला पंप

भातकुलीच्या नत्थुजींची मुलगी प्रणाली अमरावतीत राहून कंपायलरवर काम करते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. गावात कोणी विचारले की नत्थुजी एवढेच सांगत, "कंप्युटरच्या पोटातलं पाह्यते."

एका नव्या प्रोसेसरवर काही प्रोग्रॅम विनाकारण रेंगाळत. अनेक आकडे एकदम मावतील असे रुंद कप्पे, म्हणजे व्हेक्टर रजिस्टर, त्यात होते. एखादे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, ते वापरून वरच्या अर्ध्या भागात जुने आकडे तसेच सोडी, आणि पुढचे साधे फंक्शन त्या उष्ट्यापायी अडखळे. तो भाग साफ करण्याची सोय कंपायलरमध्ये होती; पण मागितली तरच मिळे. ती डिफॉल्ट व्हावी, न मागताच मिळावी, असा प्रस्ताव प्रणालीने कंपायलरची देखरेख करणाऱ्यांपुढे मांडला. आजवर तिच्या किरकोळ दुरुस्त्याच स्वीकारल्या गेल्या होत्या. सगळ्यांना लागू होणारे असे काही तिने प्रथमच मागितले होते.

प्रस्ताव शेऱ्यासह परत आला. गरज असेल तो मागेल. दर वेळी धुण्याचा भार सर्वांवर कशाला?

तिला कपाशीचे एक वर्ष आठवले. शेजारच्या देवमनकाकांनी नत्थुजींचा फवारणीचा पंप नेऊन तणनाशक मारले आणि तो न धुता परत केला होता. त्यानेच नत्थुजींनी कपाशी फवारली आणि पाने भेंडीच्या पानांसारखी चिरून आकसली. पंपात काय उरले आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो मागणार तरी काय? तेव्हापासून शिवारात रीत पडली, वापरेल त्यानेच धुऊन द्यायचे.

मात्र आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. त्याच औषधाची दुसरी टाकी भरताना पंप कोणीच धूत नाही. दुसऱ्याच्या हाती देताना धुतात. प्रणालीने प्रस्ताव त्याच बेताने पुन्हा बांधला. पुढचे फंक्शनही रुंद रजिस्टरच वापरणार असेल तर कंपायलरने हात लावू नये. एरवी न सांगता साफ करून द्यावे. प्रोग्रॅमच्या वेगाची मोजणी जोडून तो पाठवला आणि ती रविवारी गावी गेली.

मंजुरीचा मेल आला तेव्हा देवमनकाका पंप परत करायला अंगणात उभे होते.

"काय झालं, माय?" नत्थुजींनी विचारले.

"माह्यं म्हणणं मानलं, बाबा. आता कोणाले सांगा लागत नाही. कंपायलर आपूनच धुऊन देते."

"साऱ्याइले?"

"तो प्रोसेसर असन त्या साऱ्याइले."

देवमनकाका हसले. "म्हंजे मी तवा पंप धुतला असता तं पोरीले हे सुचलंच नसतं. माह्या हिस्सा कुठी हाये?"

"देतो हिस्सा. पयले झाकण उघड."

देवमनकाकांनी झाकण काढले. परत आलेला पंप नत्थुजी नेहमी स्वतः वाकून, हुंगून तपासत. ते काम त्यांनी आजवर कोणावर सोपवले नव्हते. आज त्यांनी पंप लेकीपुढे सरकवला.

"तू पाह्य," ते म्हणाले.