पडदेवालीची दोन शहरं

वाळवंटातल्या शहरात पडदे शिवणाऱ्या बाईला कामाची ददात नसते. ऊन सकाळपासून दाराशी ठाण मांडून बसतं आणि त्याला आत कसं येऊ द्यायचं नाही, याच विचारात घराघरातली माणसं असतात. ही गोष्ट पडदेवालीला कुणी शिकवली नव्हती. नवऱ्याला पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि दोघं समुद्रापासून खूप आत, वाळूच्या मधोमध वसलेल्या त्या जुन्या शहरात येऊन राहिली, तेव्हा तिनं स्वतःच्या खिडकीसाठी जुन्या चादरीला जाड अस्तर लावून पडदा शिवला. शेजारणीनं तो पाहिला. मग शेजारणीच्या जावेनं पाहिला. लेक चालायला लागेपर्यंत ती अख्ख्या गल्लीची पडदेवाली झाली होती. तिचं खरं नाव तिथं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही 'अगं'वरच भागवायचा.

त्या शहरातल्या भिंती हातभर जाड. खिडक्या लहान आणि इतक्या खोल, की त्यात उशी टाकून माणूस बसू शकेल. पडदेवाली मापं घ्यायला घरोघर जायची आणि खिडकीपाशी उभी राहून घरातली माणसं ओळखायची. इथं रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, त्याला काळं अस्तर हवं. तिथले आजोबा दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसतात, त्यांना खालून वीतभर फट ठेवायला हवी. पडदा टांगून झाला की ती खोलीच्या मध्यभागी जाऊन उभी राहायची आणि अंधार नीट पडलाय का ते बघायची. एका बाळंतिणीनं तर तिला तिथंच बसवून सरबत पाजलं होतं, पडद्यामागं बाळ पहिल्यांदाच दुपारभर झोपलं म्हणून.

तिच्या खोलीला लागून इस्त्रीचं दुकान होतं. ते चालवणारी बाई वयानं मोठी, नवरा कधीच वारलेला, हातात आठ माणसांची ताकद आणि जिभेला त्याहून जास्त धार. सगळे तिला अक्का म्हणायचे. शिवलेल्या पडद्याला इस्त्री लागतेच, म्हणून दोघींची ओळख झाली, आणि ओळख इतकी वाढली की मधली लाकडी फळी काढून दोघींनी एकच दुकान केलं. पडदेवाली शिवायची, अक्का इस्त्री करायची आणि गिऱ्हाइकांना तोंड द्यायची. पडदेवालीला ते जमत नसे. समोरच्यानं आवाज चढवला की ती मान खाली घालून टाके मोजायला लागायची. अक्काचं मात्र तसं नव्हतं.

"पडदा आहे बाई, पदर नाही," ती एका चिकित्सक गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "किती वेळा सारखा करशील?"

दुपारी सगळं शहर दारं लावून पडून राहायचं. त्याच वेळी वारा सुटायचा आणि धूळ यायची. दाराखालून, फटीतून, बंद डब्यातसुद्धा. धुऊन वाळत घातलेलं पांढरं कापड बघता बघता मातकट व्हायचं. पडदेवाली रोज कुरकुरायची. नवरा टँकर लावून घरी यायचा, मोरीत पाय धुवायचा, आणि आतून त्याला ऐकू यायचं, "ही धूळ एक दिवस मला खाऊन टाकणार आहे. माणसांनी राहायची जागा तरी आहे का ही?"

तो काही बोलायचा नाही. पण ऐकायचा.

थोरले दीर समुद्राकाठच्या मोठ्या शहरात होते. तेही वाळवंटच, फक्त एका बाजूला पाणी. त्यांचा फोन आला की दोन्ही शहरं तराजूत पडायची आणि पारडं दर वेळी एकाच बाजूला झुकायचं. तिथं रस्ते असे की पोटातलं पाणी हलत नाही. बसथांबासुद्धा गार. दवाखाना घरासमोर, शाळा दृष्ट लागण्यासारखी.

"आमच्याकडे नळाला दिवसरात्र पाणी," दीर म्हणायचे, "आणि तू तिथं पाणी वाहत फिरतोस. हसावं की रडावं?"

नवरा हसायचा. पडदेवाली टाचण्या लावता लावता ऐकायची. नवरा त्या शहराबद्दल इतकं कान देऊन ऐकतो, म्हणजे त्याचं मन तिकडं ओढतंय, असं तिनं धरून टाकलं.

एक दिवस दुपारच्या जेवणानंतर त्यानं विचारलं, "दादा म्हणतोय, त्याच्या कंपनीत कामगारांच्या बसवर जागा आहे. जायचं का?"

तिच्या ओठांत दोरा होता. तिनं तो काढला. दुकानात अर्धवट शिवलेले पडदे होते, अक्का होती, संध्याकाळी गल्लीत खुर्च्या टाकून बसणाऱ्या बाया होत्या. नको, हा एवढासा शब्द जिभेच्या टोकावर येऊन थांबला. पण समोर नवऱ्याची काळवंडलेली मान होती, आणि पाइप ओढून ओढून धरलेली त्याची पाठ. लेक शाळेत जायला लागली होती.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. इतका मोठा निर्णय, आणि त्यासाठी उष्टी ताटं उचलायचंही कुणी थांबवलं नाही.

अक्काला सांगितलं तेव्हा ती इस्त्री फिरवत होती. तिनं हात थांबवला नाही. "जा. तिकडं सगळ्या काचाच आहेत म्हणतात. पडदे लागतीलच."

"मशीन इथंच ठेवते," पडदेवाली म्हणाली. "आल्यावर लागेल."

"येशील?"

"येईन की. तिथं जीव रमतोय कशाला."

समुद्राकाठचं शहर वाईट नव्हतं. ती कुणाशी बोलताना हे नेहमी आधी सांगायची. नळाला खरंच पाणी होतं. पहिले काही दिवस ती नळ सोडून नुसती बघत उभी राहायची. लेकीची शाळा चांगली होती, आणि लेकीला दम्याचा त्रास झाला तेव्हा दवाखाना खरोखर समोर होता. जुन्या शहरात काय केलं असतं, याचा विचारही नको वाटायचा.

पण उन्हाची जातच वेगळी होती. जुन्या शहरातलं ऊन कोरडं. ओलं फडकं खिडकीला टांगलं की खोली गार. इथली हवा ओली, चिकट. फडकं टांगलं तर तेच दिवसभर वाळायचं नाही. खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत, आणि त्या उघडतच नसत. सकाळी काचेवर बाहेरून वाफ धरायची आणि समोरच्या इमारती धुतलेल्या चित्रासारख्या पुसट व्हायच्या. सगळे गार घरातून गार बसमध्ये आणि गार बसमधून गार कामावर. रस्त्यात थांबून चौकशी करावी, असं रस्त्यावर कुणी नसायचंच. शेजारच्या घरात कोण राहतं, हे तिला त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांवरून तेवढं कळायचं.

पडदे मात्र लागायचे, अक्का म्हणाली होती तसे. पण इथं मापं घ्यायला कुणी शिवणारी बाई जात नसे. शहराच्या टोकाला कारखाना होता. लांबच लांब टेबलं, ओळीनं मशीनं, आणि चिठ्ठी लावलेलं कापड. वरची पट्टी शिवायची, पुढं सरकवायचं. चुण्या दुसरी घालणार, खालची दुमड तिसरी. ते पडदे कुठल्या खिडकीला लागतात, त्यामागं कोण झोपतं, हे तिला एकदाही कळलं नाही. काम सफाईचं होतं, छप्पर गार होतं, सुट्टी वेळेवर मिळायची. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं केली नाही. नवऱ्याला ती आनंदात दिसली.

अक्काला फोन व्हायचे, मग सणासुदीला व्हायचे, मग राहिले. वर्षं गेली. लेक शिकली, त्याच शहरात नोकरीला लागली, लग्न करून दोन बसथांब्यांच्या अंतरावर राहायला गेली. आणि एका सकाळी अचानक अक्काचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण धार तीच.

"इमारत पाडणार आहेत. तुझं मशीन पडलंय इथं. न्यायचं तर ये, नाहीतर भंगारात देते."

नवऱ्यानं जावयाची गाडी मागून घेतली आणि दोघं निघाली.

गल्ली अरुंद झाल्यासारखी वाटत होती. अर्ध्या घरांना आता नळ होते, त्यामुळे टँकर दिसला नाही. दुकानात इस्त्री बंद होती. अक्का खुर्चीवर बसली होती, गुडघे सुजलेले. आत एक तरुण बाई सामान बांधत होती. अक्कानं ओळख करून दिली, "ही माझ्याबरोबर शिवते. आम्ही पुढच्या चौकात जागा घेतोय."

मशीन कोपऱ्यात कापडाखाली होतं. तेलपाणी केलेलं, पट्टा नवा.

"चालू स्थितीत आहे की," पडदेवाली म्हणाली.

"चालू नसेल तर काय. दोन वर्षं मी दर आठवड्याला पुसत होते. तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकं परत पाठवली. लोक मला वेडी म्हणायला लागले, तेव्हा दुसरी बाई घेतली; आता ही आहे." अक्का तिच्याकडे न बघता बोलत होती. "येत नाही, एवढं सांगायचं होतंस. मी धरून नसते ठेवलं."

पडदेवालीनं मशीनवरचं कापड परत सारखं केलं. मग म्हणाली, "चुकलं अक्का."

"चुकलं तर चुकलं. चहा घे."

मशीन तिनं नेलं नाही. त्या तरुण बाईलाच दिलं. निघताना अक्का दारापर्यंत आली, पण पायरी उतरली नाही.

परतीचा रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू. मधल्या पेट्रोल पंपावर नवऱ्यानं गाडी थांबवली. टपरीच्या सावलीत दोघं चहा घेत उभी राहिली. तो म्हणाला, "खरं सांगू? मला तिथून निघवत नव्हतं."

"आत्ता?"

"आत्ताही. आणि तेव्हाही."

तिनं कप खाली ठेवला. "तेव्हा म्हणजे?"

"टँकर सोडला तेव्हा. गल्लीत शिरलो की माणसं माझी वाट बघत असायची. गच्चीवरून हाका मारायची. बसमध्ये कोण हाक मारतंय? सगळे झोपलेले."

"मग गेलात कशाला?"

"तुझ्यासाठी." तो तिच्याकडे आश्चर्यानं बघत होता. "रोज म्हणायचीस ना, माणसांनी राहायची जागा आहे का ही. म्हटलं, हिला इथं सुख नाही."

"अहो, ते नुसतं बोलायचं असतं," ती म्हणाली. "घरातल्या माणसावर कुरकुर करतो तसं. मला वाटलं तुम्हाला जायचंय."

टपरीवाला रिकामे कप न्यायला आला आणि घेऊन गेला. दोघंही हसायला हवी होती, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. कुणालाच हसू आलं नाही. उरलेल्या रस्त्यात नवऱ्यानं दोनदा गाणी लावली आणि दोनदा बंद केली.

परत जायचा विचार त्यांनी केला. नवऱ्यानं दोन-तीन ओळखीच्यांना खोली बघायला सांगितलं. पण लेकीला दिवस गेले होते, आणि ती म्हणाली, "आई, आत्ताच?" नात झाली. तिला दिवसा सांभाळायला कुणीतरी हवंच होतं, मग नवऱ्यानं बस सोडली. खोलीचा विषय हळूहळू मागं पडला.

कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर नुकतंच लग्न झालेली एक मुलगी होती. तिच्या नवऱ्याला वाळूत आणखी आत, नव्यानं बांधलेल्या शहरात काम मिळत होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही दोन्हीकडं राहिलात. कुठलं बरं?"

पडदेवाली सांगायला लागली. पाणी, हवा, दवाखाना, शेजार. आणि मध्येच थांबली. "तुला जावंसं वाटतंय का?"

"नाही."

"घरी सांगितलंस?"

"त्यांचं ठरलंय. कशाला मोडता घालायचा."

"सांग," पडदेवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ते रागावले तरी सांग."

काही दिवसांनी मुलगी डबा उघडता उघडता म्हणाली, "बोलले मावशी. सगळं सांगितलं. खूप वाद झाला. तरी जातोय आम्ही."

पडदेवालीनं आपल्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात वाढली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो एक शब्द तोंडातून निघाला असता तर सगळं वेगळं झालं असतं.

घरी आल्यावर तिनं ते नवऱ्याला सांगितलं. तो नातीची दुधाची बाटली विसळत होता.

"आपणही गेलोच असतो का हो?"

त्यानं बाटली उपडी ठेवली. "गेलो असतो कदाचित. शाळा होती, दवाखाना होता. पण भांडून गेलो असतो."

नात उठली होती. तिला घ्यायला तो आत गेला, आणि पडदेवाली ओट्याशी उभी राहिली. निदान ते भांडण तरी व्हायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.