बँकेचा ओटा मी कसा वाचवला

फजितीच ऐकायचीय ना? मग चहा घ्या, पण मध्ये हसायचं नाही. माझा जीव अडकला होता हो त्या ओट्यात!

आमच्या गल्लीतली बँक पूर्वी कशी होती म्हणून सांगू! लाल चिऱ्याची, कौलारू. पुढे लांबरुंद ओटा. भाट्याहून येणाऱ्या कोळणी माशांच्या पाट्या उतरवून तिथेच टेकायच्या. मी तिथे बातम्या गोळा करायचो. आणि सुमन वडिलांचं पासबुक घेऊन यायची. पासबुक भरून झालं तरी आम्ही दोघं बसलेलोच! लग्न तिथेच ठरलं म्हणा ना.

मग एसी आला, काचा आल्या आणि ओट्यावर खालपासून वरपर्यंत निळे पत्रे ठोकले. मी वार्ताहर माणूस, गप्प बसतोय? 'आमचा ओटा परत द्या!' लेखांवर लेख झोडले.

परवा सकाळी बँकेकडून धाडधाड आवाज. पुढे हिरवं कापड, आत हातोडे.

"पाडतायत!" मी चपला घालायलाही थांबलो नाही.

सुमन ओरडली, "अहो, आधी विचारा तरी!"

उभा जन्म बातम्या देण्यात गेला, आणि ही मला विचारायला शिकवते! बँकेच्या दारातच फतकल मारली. "एक चिरा हलवलात तर याद राखा!"

समोरचे इस्माईलभाई शिंपी गळ्यातल्या टेपसकट शेजारी बसले. "सायब, मी पण हाय!" बघता बघता गल्ली जमली. घोषणा काय, रिक्षांचे हॉर्न काय!

मॅनेजर, देवरूखची तरुण मुलगी, हात जोडून म्हणाली, "काका, एक मिनिट ऐका..."

"काही ऐकणार नाही! मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावा, काम थांबवा!"

लावला बिचारीने. काम थांबलं. टाळ्या! मला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं.

गर्दी पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "आता ऐकता, काका? आम्ही पत्रे काढत होतो. ओटा मोकळा करायला. तुमचे लेख दाखवून मीच मंजुरी आणली होती."

"मग... उद्या सुरू करा की!"

"लोकांचा विरोध आहे ना! मुंबईवाले म्हणाले, इमारत आहे तशीच ठेवा."

संध्याकाळी सुमन आणि मी इस्माईलभाईंच्या पायरीवर बसलो. एकच पत्रा निघाला होता. फटीतून हातभर लाल चिरा दिसत होता. आमचीच जागा ती.

इस्माईलभाई चहा घेऊन आले. "सायब, काळजी नको. तो सुटलेला पत्रा पण उद्या ठोकून घेतो!"

सुमन माझ्याकडे बघायला लागली. आता ओटा वाचवणारा मीच!

म्हटलं, "खिळे जरा मोठे घ्या."